बंगल्यातला रेन ट्री तोडायचा आहे? अर्जातला ‘कारण’ हा रकाना आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सहा गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर जुना बंगला. पूर्वेच्या कंपाउंडला लागून रेन ट्री, वास्तुशांत झाली त्या वर्षी म्हणजे १९७९ साली वडिलांनी लावलेला. मुळांनी कंपाउंडची भिंत उललीय, ड्रेनेज वर्षातून दोनदा तुंबतं, आणि गेल्या पावसाळ्यात मांडीएवढी फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली. शेजारी आता येता-जाता विचारतात. एक कंत्राटदार म्हणतो, “साहेब, तुमची जागा, तुमचं झाड. रविवारी सकाळी येतो, जेवायच्या आत साफ. पैसे नकोत, लाकूड आमचं.” तर परवानगी खरंच लागते का, आणि लागत असेल तर मिळते का?

लागते. आणि योग्य गोष्टीसाठी मागितली तर मिळतेही. गेली बावीस वर्षं मी सोसायट्यांचे आणि बंगलेवाल्यांचे झाडांचे अहवाल लिहितोय. त्यावरून सांगतो, दहातल्या सात जणांना झाड तोडायची गरजच नसते. त्यांना भिंत दुरुस्त करायची असते, पाइप बदलायचा असतो किंवा शेजाऱ्याचं तोंड बंद करायचं असतं. तोडीचा अर्ज ते करतात, कारण तेवढंच सुचतं.

महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम चालतो. त्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या पालिकेच्या मंडळाच्या, पूर्वपरवानगीशिवाय कोणीही झाड तोडायचं नाही, दुसऱ्याकडून तोडवूनही घ्यायचं नाही. कंत्राटदाराचं “तुमची जागा, तुमचं झाड” इथेच संपतं. ‘तोडणे’ या शब्दात जाळणं, कापणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. त्यामुळे “आम्ही तोडलं नाही, फक्त मुंडण केलं” ही सबब टिकत नाही. छाटणीलाही परवानगी घ्यायची ती याचमुळे.

प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. मूळ कायद्यात एक ते पाच हजारांचा दंड आणि आठवड्यापासून वर्षापर्यंतची कैद होती. हजार-पाच हजारांचा दंड बिल्डर लोक चहापाण्याच्या खर्चात धरायचे. २०२१ च्या दुरुस्तीने तो झाडामागे एक लाखापर्यंत नेला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालच्या भोवतालच्या संरक्षित पट्ट्यात बेकायदा तोडलेल्या ४५४ झाडांसाठी झाडामागे एक लाख रुपये कायम केले. ती झाडं उत्तर प्रदेशातली आणि प्रकरणही वेगळं, पण न्यायालयांचा सूर आता कुठे लागलाय ते त्यावरून कळतं.

“लाकूड आमचं” या सौद्याबद्दलही बोलू. रविवार सकाळ का, तर महापालिकेचं ऑफिस बंद असतं. टेम्पो वखारीत जातो आणि लाकडाचे पैसे कंत्राटदाराच्या खिशात. तक्रार झाली की पंचनाम्यात नाव तुमचं येतं, कारण प्रॉपर्टी कार्डावर तुम्ही आहात. कंत्राटदाराचा फोन तोवर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ गेलेला असतो. लाकूड तुमचं असलं तरी ते हलवायला वाहतूक परवाना लागू शकतो, हेही तो तुम्हाला सांगणार नाही.

आता वयाकडे या. तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि प्रश्नात तुम्ही तो सहज लिहून गेलात. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘हेरिटेज’ म्हणजे प्राचीन वृक्ष ठरतं आणि त्याला जास्तीचं संरक्षण मिळतं. १९७९ चं झाड पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. हे कळलं की काही जण घाई करतात, पन्नास भरायच्या आत उडवून टाकू म्हणतात. पण त्याच दुरुस्तीत दुसरी अटही आहे. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. तीही सहा ते आठ फुटांची, जिओ-टॅग केलेली, म्हणजे नकाशावर नेमकी जागा नोंदवलेली, आणि सात वर्षं जगवायची. म्हणजे तुमच्या एका रेन ट्रीपोटी पंचेचाळीसच्या वर झाडं झाली. सहा गुंठ्यांत बंगला वजा केल्यावर ती लावणार कुठे? मग महापालिका दाखवेल त्या जागेवर लावा, नाहीतर झाडाच्या मूल्यांकनाइतकी रक्कम भरा. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हा हिशेब ऐकून “जरा घरी विचारतो” म्हणतात आणि पुढच्या वेळी भिंतीसाठी गवंडी शोधत येतात.

वय ठरवताना “बाबांनी वास्तुशांतीला लावलं” एवढ्यावर काम भागत नाही. छातीच्या उंचीवर, साधारण साडेचार फुटांवर, बुंध्याचा घेर टेपने मोजतात आणि त्या जातीच्या वाढीच्या वेगाशी ताडून पाहतात. रेन ट्री भराभर वाढतो, त्यामुळे नुसत्या घेरावरून त्याचं वय जास्त वाटतं. वास्तुशांतीचा जुना फोटो असेल आणि त्यात रोप दिसत असेल तर जपून ठेवा. असा एक कृष्णधवल फोटो मी एकदा अहवालाला जोडला होता. हातात कलश घेतलेल्या बाईंच्या मागे गुडघाभर उंचीचं झाड होतं. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने तो दोन मिनिटं बघितला आणि वयाचा वाद तिथेच मिटला.

अर्जाला मिळकतीचा पुरावा, झाड कुठे आहे ते दाखवणारा जागेचा नकाशा, झाडाचे फोटो आणि कारण एवढं लागतं. बहुतेक महापालिकांत आता तो ऑनलाइन भरता येतो. वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः येऊन झाड पाहायचं आणि तीस दिवसांत अहवाल द्यायचा, असं कायदा म्हणतो. मग झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवल्या जातात. नोटीस बघून कॉलनीतली चार माणसं हरकत घेतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो त्यांचा हक्क आहे. प्राधिकरणाचा निर्णय साठ दिवसांत यायला हवा. परवानगी आली तरी कुऱ्हाड लगेच चालवायची नाही, पंधरा दिवस थांबायचं. शिवाय झाडामागे अनामत रक्कम भरावी लागते. तिचा आकडा प्रत्येक महापालिकेचा वेगळा असतो आणि नवी झाडं जगवल्याचं दाखवल्याशिवाय ती परत मिळत नाही.

साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं, अशी तरतूद मूळ कायद्यात आहे. ती वाचून एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकसष्टाव्या दिवशी माणसं बोलावली. अर्ज अपुऱ्या कागदपत्रांसाठी परत गेलेला होता आणि त्याचं पत्र वॉचमनच्या टेबलाच्या खणात पडून होतं. पुढचं सांगत नाही. या तरतुदीच्या भरवशावर राहू नका, ऑफिसला जा आणि आवक क्रमांक दाखवून विचारा.

आता ‘कारण’ या रकान्याकडे येतो. अर्ज तरतो किंवा बुडतो तो इथेच, आणि लोक तो एका ओळीत उरकतात. ‘पाने पडून कचरा होतो.’ ‘उजेड येत नाही.’ ‘पक्षी घाण करतात.’ ‘वास्तुतज्ज्ञांनी सांगितले.’ हे चारही मी खऱ्या अर्जांत वाचले आहेत. शेवटच्या अर्जात तर वास्तुतज्ज्ञांचं लेटरहेड जोडलेलं होतं. झाड मेलेलं असेल, रोगाने पोखरलेलं असेल, वाऱ्याने उन्मळलं असेल, किंवा त्याच्यापासून जिवाला-मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये असं कायदाच म्हणतो. तेव्हा तुमचं कारण या चौकटीत बसतं का ते पाहायचं, आणि बसत असेल तर झाडावर दिसणाऱ्या खुणांनिशी लिहायचं. ‘झाड धोकादायक आहे’ असं नुसतं लिहून काहीच कळत नाही. ‘जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याला दक्षिणेच्या बाजूला ढोली, आत हात कोपरापर्यंत जातो, तळाशी अळंबीच्या टोप्या’ असं लिहिलं की अधिकारी पाहणीला येतानाच तयारीने येतो.

खुणा तुम्हाला घरबसल्या पाहता येतील. बुंध्याच्या तळाशी, जमिनीलगत, तपकिरी लाखेसारखी चकचकीत कडक अळंबी दिसतेय का? असेल तर मुळं आतून कुजत असण्याची शक्यता मोठी आहे. गुलमोहराला हा रोग फार लागतो. वरून हिरवागार, मे महिन्यात लालभडक फुललेला आणि जूनच्या पहिल्या वळवाला आडवा. मग लाकडी थापीने बुंध्याला चारी बाजूंनी ठोकत फिरा. भरीव लाकूड ‘ठक्’ वाजतं, पोकळ लाकूड ढोलकीसारखं घुमतं. जिथे घुमेल तिथे खडूने खूण करा आणि फोटो काढा. सालीच्या भेगांतून भुसा गळत असेल तर आत भुंगेऱ्याची अळी आहे. आणि टोकाच्या फांद्या भर पावसाळ्यातही निष्पर्ण असतील तर झाड वरून वाळत चाललंय.

तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींत यातलं काहीच नाही. भिंत, ड्रेनेज आणि फांदी, तिन्हींवर झाड ठेवूनही इलाज आहे.

भिंतीचं पाहू. मूळ जाडावतं तेव्हा पायाला खालून उचलतं, म्हणून भिंत उलते. तेवढा दोन-अडीच मीटरचा तुकडा पाडा, दोन्ही बाजूंना छोटे पिलर घ्या आणि मधे मुळाच्या वरून जाणारा बीम टाका. बीम आणि मूळ यांत वीतभर फट ठेवा. भिंत त्या बीमवर उभी राहते, खालून मूळ हवं तेवढं जाडावू शकतं. कोणताही बरा गवंडी हे चार दिवसांत करतो. मी सांगून केलेली अशी एक भिंत चौदा वर्षांनंतरही सरळ आहे. मुळं तोडून नवा पाया घेऊ, असं गवंडी म्हणाला तर त्याला थांबवा. भिंतीकडची मुळं गेली की झाड उलट्या बाजूला झुकायला मोकळं होतं, आणि उलट्या बाजूला तुमचं घर आहे.

ड्रेनेजचं गणित बहुतेक लोक उलटं मांडतात. मुळं धडधाकट पाइप फोडत नाहीत, ती गळणारा सांधा शोधतात. १९७९ च्या बंगल्यात चिनीमातीचे पाइप आणि सिमेंटने भरलेले सांधे असणार. ते झिरपतात, मुळाला ओल कळते, केसासारखं तंतुमूळ आत शिरतं आणि वर्षभरात आत झाडू तयार होतो. दर वेळी प्लंबर बांबू घालून तो झाडू ओढून काढतो, पैसे घेतो आणि सहा महिन्यांनी परत येतो. तेवढी लाइन पीव्हीसीची करून घ्या, चेंबरला आतून नीट प्लास्टर करा. झाड तोडलंत तरी फुटके सांधे फुटकेच राहतील.

जाता जाता, बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले असतील तर निदान मीटरभर जागा मोकळी करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात नेमकं हेच अंतर सांगितलं होतं. गळ्याशी काँक्रीट आवळलेलं झाड मुळं वर काढतं, आणि आपण म्हणतो झाडाने फरशी उखडली.

फांदीचा प्रश्न खरा आहे. रेन ट्रीच्या आडव्या फांद्या लांब असतात, पावसात भिजल्या की जड होतात आणि टोकाकडून मोडतात. यासाठी अर्ज करा, पण छाटणीचा. शेजाऱ्यांच्या बाजूच्या कोणत्या फांद्या हे फोटोवर लाल खुणेने दाखवा आणि पत्र्यावर पडलेल्या फांदीचा फोटो जोडा. छाटणीच्या अर्जात झाडाच्या वयाइतक्या रोपांचं ओझं डोक्यावर येत नाही आणि शेजाऱ्यांच्या हाती पुढच्या पावसाआधी काहीतरी ठोस पडतं.

छाटणी कोण करतो त्यावर फार अवलंबून आहे. आपल्याकडे छाटणी म्हणजे वरून सपाट मुंडण. त्यातून पुढच्या वर्षी पाणसोटांचा, म्हणजे कापाशी फुटणाऱ्या उभ्या कोवळ्या फुटव्यांचा, झुपका येतो. ते सरळसोट वाढतात, सालीलगत नुसते चिकटलेले असतात आणि तीन-चार वर्षांत पहिल्यापेक्षा सहज तुटतात. जाड फांदी तीन कापांत उतरवायची असते. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून पूर्ण काप, आणि राहिलेला खुंट शेवटी फांदीच्या गळ्याशी, तिथली फुगीर कड राखून काढायचा. खालचा काप घेतला नाही तर फांदी पडताना साल सोलत बुंध्यापर्यंत येते आणि त्या जखमेतून सड शिरते. कामाला येणाऱ्याला विचारा, “पहिला काप खालून घेता ना?” तो हसला तर दुसरा माणूस बघा.

काम ठरवण्याआधी घरटी बघा. पावसाळ्यात रेन ट्रीवर बगळ्यांची वस्ती असू शकते. वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. छाटणीचा परवाना खिशात असला तरी तिथे तो उपयोगी पडत नाही.

विषाबद्दल लिहावं की नाही असा विचार करत होतो. पण हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. एका सोसायटीत पार्किंगच्या मधोमध असलेला सोनमोहर भर पावसात पिवळा पडला म्हणून मला बोलावलं होतं. बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर पाच भोकं, ओळीत, ड्रिलची. त्यावर एम-सील लावून वरून तपकिरी रंग दिलेला. रंग सालीशी इतका जुळवला होता की बोट फिरवेपर्यंत कळलं नाही. कोणी केलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कोणीच नाही. पण झाड मरून जागा मोकळी झाली का? नाही. वाळलेलं झाड सहा महिने गाड्यांवर फांद्या टाकत उभं राहिलं, कारण भोकं दिसल्यावर प्रकरण पोलिसांत गेलं आणि पुरावा म्हणून त्याला हात लावता येईना.

याउलट उंबर असला की कायदा न मानणारा माणूसही चपापतो. “औदुंबर आहे हो, आम्ही कसा तोडणार, महापालिकेनेच येऊन न्यावा,” असं म्हणणारे कितीतरी भेटले. पाप पालिकेच्या खात्यावर टाकायचं. गंमत म्हणजे उंबर, वड, पिंपळ मुळांच्या गोळ्यासकट हलवून दुसरीकडे चांगले जगतात. तेव्हा तिथे तोडीऐवजी पुनर्रोपण मागता येतं. जुना आंबा तसा जगत नाही, आणि तुमच्या रेन ट्रीच्या वयाला मी तो खर्च सुचवणार नाही.

हे सगळं शहरी हद्दीतलं. तुमच्या मूळ प्रश्नात गावाकडच्या जमिनीचाही ओझरता उल्लेख आहे, म्हणून सांगतो. ग्रामीण भागात १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा लागतो आणि गाठ वन विभागाशी पडते. तिथे वयापेक्षा जात महत्त्वाची. साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ ही अनुसूचित झाडं, स्वतःच्या सातबाऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गोव्यात १९८४ चा वेगळा कायदा आहे. तिथल्या सरकारने २०१६ मध्ये नारळाला ‘झाड’ या व्याख्येतून वगळलं होतं. माड म्हणजे झाडच नव्हे, असं म्हटल्यावर गोंयकार गप्प बसतात थोडेच! पुढच्याच वर्षी माड परत व्याख्येत आला, तोही राज्यवृक्ष होऊन.

तर तुमच्यासाठी क्रम असा. रविवारच्या माणसाला नको म्हणून कळवा, फोनवर नाही, मेसेज करून, म्हणजे नोंद राहते. या आठवड्यात थापी घेऊन बुंधा ठोका, तळाची अळंबी बघा. काही सापडलं नाही तर शेजाऱ्यांच्या बाजूच्या फांद्यांचा छाटणीचा अर्ज टाका आणि त्याची पोच शेजाऱ्यांनाही दाखवा. भिंत आणि पाइप पावसाआधी उरका.

एक गोष्ट मात्र आजच संध्याकाळी बघा. झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या बरोबर उलट बाजूची जमीन तपासा. तिथे माती उचलल्यासारखी फुगलीय, किंवा बुंध्याभोवती चंद्रकोरीसारखी ताजी भेग दिसतेय, तर मुळांची पकड सुटायला लागलीय. मग वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. खालच्या गाड्या हलवा, त्या बाजूच्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका, भेगेवर फूटपट्टी ठेवून फोटो काढा आणि अग्निशमन दल व उद्यान विभाग दोघांनाही लगेच कळवा. अशा झाडाला साठ दिवस थांबायला कोणी सांगत नाही.